आधी थर्मामीटर, मग जीवाणूंचे घड्याळ

शवविच्छेदनाच्या अहवालात एक ओळ असते: ‘मृत्यूला अंदाजे २४ ते ३६ तास झाले असावेत.’ अहवाल हाती आला की घरच्यांची नजर मृत्यूच्या कारणावर जाते. ही ओळ वाचतात ते वकील. खटला ‘दोघांना शेवटचे एकत्र पाहिले’ एवढ्या साक्षीवर उभा असेल, तर त्या बारा तासांच्या फटीतून एखादा सुटतो किंवा एखादा आत जातो. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध सतीश या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकत्र दिसणे आणि मृत सापडणे यांतले अंतर इतके थोडे हवे, की मधल्या वेळात तिसऱ्याच कुणी जीव घेतला असण्याची शक्यता उरू नये. कायद्याने आपले काम केले. अंतर मोजायचे कशाने, हे मात्र वैद्यकावर सोडले.

या मोजमापासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवी वाट निघाली आहे. मृत शरीराच्या कोणत्या अवयवात कोणते जीवाणू किती आहेत, हे पाहून वेळ काढायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. हा ओघ पाहता हे तंत्र आज ना उद्या बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत येणारच. यावे. पण त्याआधी खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीच्या सरकारी दवाखान्यांतल्या शवागारांत तापमानाची नोंद सुरू व्हावी आणि या जिल्ह्यातल्याच मृतदेहांवरची मोजमापे जमावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा क्रम उलटला, तर परदेशी हवामानावर लावलेले घड्याळ घेऊन आपण इथल्या माणसांना शिक्षा देत बसू.

मुळात शरीरात घडते काय? हृदय थांबल्यावर पेशींतला प्राणवायू काही मिनिटांत संपतो. पेशींमधली पाचकद्रव्ये पेशीलाच विरघळवू लागतात, आणि साखर, अमिनो आम्ले, क्षार बाहेर पडतात. जिवंतपणी जीवाणूंना आतड्यात डांबून ठेवणारा प्रतिकारशक्तीचा पहारा उठलेला असतो. मोठ्या आतड्यातली वस्ती आधी आतड्याच्या भिंतीत, मग लगतच्या लसिकाग्रंथींत, तिथून यकृत आणि प्लीहेत, आणि शेवटी हृदय व मेंदूपर्यंत सरकते. उरलासुरला प्राणवायू वापरणारे जीवाणू आधी माजतात, तो संपला की प्राणवायूविना जगणाऱ्यांची पाळी येते. त्यांत क्लॉस्ट्रिडियमचे घराणे सर्वांत दांडगे. या घराण्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स अनुकूल उष्णतेत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. नुकतेच गेलेले, अजून कोमट असलेले शरीर त्याला आयतेच मिळते.

पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट डाग उमटतो, तो याच प्रवासाची डोळ्यांना दिसणारी पहिली खूण. मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी तिथे पोटाच्या कातडीला अगदी टेकलेली असते; जीवाणूंनी सोडलेला गंधकयुक्त वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून तो रंग धरतो. उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत, थंडीत एक-दोन दिवसांनी. तालुक्याचे डॉक्टर आजही वेळेचा अंदाज बांधतात तो यावर, अंगाच्या ताठरपणावर आणि रक्त साकळण्यावर. या खुणांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पहिला दीड दिवस उलटला, की त्या इतक्या सैल होतात, की दोन अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजात सहज एका दिवसाचा फरक पडतो.

अवयवांतल्या जीवाणूंच्या अभ्यासाला बळ दिले ते अमेरिकेतल्या अलाबामा स्टेट विद्यापीठाच्या गुलनाझ जावन आणि सहकाऱ्यांनी. २०१६ साली त्यांनी २७ मृतदेहांवरचे काम प्रसिद्ध केले. मृत्यूला साडेतीन तासांपासून २४० तासांपर्यंत झालेले देह त्यांत होते, आणि वेळेनुसार जीवाणूंची जात बदलत जाते हे त्यांनी दाखवले. २०२० साली इटलीतल्या ४० मृतदेहांचा अभ्यास आला. तिथे मृत्यूला २४ ते ४३२ तास झाले होते, म्हणजे अठरा दिवसांपर्यंत. मेंदू, हृदय, यकृत, प्लीहा, गर्भाशय आणि प्रोस्टेट ग्रंथी असे सहा अवयव तपासले. गर्भाशय आणि प्रोस्टेटमधली वस्ती इतरांहून वेगळी आणि जास्त वैविध्याची निघाली. न्यायवैद्यकाची जुनी पाठ्यपुस्तकेही सांगतात, की गर्भ नसलेले गर्भाशय आणि प्रोस्टेट सर्वांत उशिरा सडतात. देह पार बिघडलेला असताना लिंग ठरवायला याच अवयवांचा आधार घेतात. नव्या तंत्राने जुन्या निरीक्षणाला जीवाणूंची नावे दिली. उपयोगाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी यकृत-प्लीहा पाहावी, देह जुना असेल तर गर्भाशय किंवा प्रोस्टेट.

त्याच अभ्यासात मेंदू-हृदय-यकृतात ज्या गटांची चलती दिसली, त्यांत बर्खोल्डेरियालीस हा एक आहे. इथे जरा थबकावे. या गटातले काही जीवाणू प्रयोगशाळेच्या रसायनांत आणि शुद्ध समजल्या जाणाऱ्या पाण्यातही असतात, हे २०१४ पासून माहीत आहे. ज्या अवयवात मुळात जीवाणू थोडे, तिथे रसायनांतले पाहुणेच घरचे मालक वाटू लागतात. त्या संशोधकांचे निष्कर्ष चूक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण रोज पंधरा नमुन्यांचा ढीग पडणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत हेच काम चालू झाले, की हा दोष किती फोफावेल याची कल्पना करून पाहावी. प्रत्येक खेपेला देहाला न लावलेला, कापसाचा एक कोरा बोळा तपासला नसेल, तर त्या अहवालाला किंमत देऊ नये.

आता अचूकतेचे. अमेरिकी संशोधक जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदीर आणि माणसांच्या मृतदेहांवर केलेल्या कामात पंचवीस दिवसांच्या काळात साधारण तीन दिवसांची चूक निघाली. २०१६ सालच्याच दुसऱ्या अभ्यासात नाक आणि कानातल्या बोळ्यांवरून काढलेल्या वेळेत ५५ अंश-दिवसांची (हे माप पुढे सांगतो) चूक होती. २०२४ साली टेनेसी, टेक्सास आणि कोलोराडो अशा तीन ठिकाणच्या ३६ देहांवरचा मोठा अभ्यास आला, त्यातही चूक तीन दिवसांच्या आसपासच राहिली. दोन आठवड्यांपूर्वीच्या मृतदेहासाठी तीन दिवस म्हणजे उत्तम. दीड दिवसापूर्वीच्या मृतदेहासाठी मात्र ते निरुपयोगी. आणि आपल्या न्यायालयांतला वाद बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांचाच असतो. वर्तमानपत्रांत ‘आता मृत्यूची अचूक वेळ कळणार’ असे मथळे येतात, तेव्हा ही गोष्ट गाळलेली असते.

अंश-दिवस म्हणजे दिवसाचे सरासरी तापमान आणि दिवस यांचा गुणाकार. जीवाणूंना कॅलेंडर कळत नाही, उष्णता कळते. म्हणून हेच खरे माप. अथणीत मे महिन्यात दिवसरात्रीची सरासरी ३३ अंश धरली, तर तीन दिवसांचे ९९ अंश-दिवस झाले. खानापुरात जुलैमध्ये सरासरी २३ धरली, तर त्याच तीन दिवसांचे ६९. जिल्हा एकच. अथणीत वर्षभराचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात. कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत एखाद्या आठवड्यात तेवढा कोसळतो. २०२४ च्या अमेरिकी अभ्यासात कुजवणाऱ्या जीवाणूंचे ठराविक जाळे तिन्ही ठिकाणी सापडले, ही मोलाची गोष्ट आहे. मात्र दमट टेनेसी-टेक्सास आणि कोरडे कोलोराडो यांतला फरकही त्यातच दिसला. तीनही ठिकाणे समशीतोष्ण किंवा निमकोरड्या पट्ट्यातली. सह्याद्रीच्या पावसात चार महिने भिजणारी जमीन त्यांत कुठेच नाही.

शिवाय हवामान केंद्राचा आकडा आणि देहाजवळचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी. चिकोडी-रायबाग पट्ट्यात उसाच्या उभ्या फडात, पाणी पाजलेल्या सरीत पडलेला देह घ्या. वरची पात सावली धरते, खालची माती ओली, वारा नाही. बाहेर ३८ अंश असताना आत तेवढे नसते, पण रात्री बाहेर उतरते तसे आत उतरतही नाही. विहिरीत पाणी दिवसरात्र जवळपास एकाच तापमानाला असते. लोंढ्याच्या जंगलात पाचोळ्याखालची माती स्वतःच जीवाणूंची खाण. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा महाराष्ट्रातून इकडे वाहत येतात. कागलच्या वर पाण्यात पडलेला देह निपाणी तालुक्यात काठाला लागला, तर कोणत्या ठाण्याचा, यावर काही तास जातात. त्या तासांत देह उन्हात असतो. पाण्यातून बाहेर काढलेला देह फार झपाट्याने बिघडतो, हे अनुभवी पोलिसाला माहीत असते, पण पंचनाम्यात ‘पाण्याबाहेर काढल्याची वेळ’ आणि ‘दवाखान्यात पोचल्याची वेळ’ अशा वेगळ्या नोंदी क्वचितच दिसतात.

सगळ्यात मोठा घोळ शवागारातच होतो. वरच्या अथणीच्या हिशोबात एक बदल करू. देह दीड दिवस फडात आणि दीड दिवस चार अंशांच्या शीतपेटीत होता असे धरू. तेव्हा ९९ ऐवजी साडेपंचावन्न अंश-दिवस होतात. फरक पडला साडेत्रेचाळीसचा. जगातल्या चांगल्या मोजणीची चूक जेवढी, जवळपास तेवढीच चूक आपण पेटीची नोंद न ठेवून स्वतःहून घालतो. आणि हा हिशोबही पेटीला उदार होऊन केलेला आहे. पेटीत ठेवल्याबरोबर देह चार अंशांवर येत नाही. कातडी गार पडते, पण पोटाचा गाभा निवायला कित्येक तास लागतात, आणि माणूस जाडजूड असेल तर आणखी. जीवाणूंचा मुख्य कारखाना त्याच गाभ्यात. वीज गेली, जनित्र सुरू व्हायला वेळ लागला, दोघांच्या जागी तिघे ठेवले, ओळख पटवायला आलेल्यांसाठी दार वारंवार उघडले, की हिशोब पुन्हा बिघडतो. चार अंशांवरही सगळे थांबत नाही. थंडीत वाढणारे स्यूडोमोनाससारखे जीवाणू हळूहळू पुढे सरकतात. त्यामुळे चार दिवस पेटीत राहिलेल्या देहातली वस्ती ही ताज्या देहाची नसते आणि उघड्यावर चार दिवस पडलेल्याचीही नसते. जीवाणूंचे कोणतेही परदेशी कोष्टक तिला लागू पडत नाही.

बर्फाच्या लाद्यांवर मयत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून मुलगा येईपर्यंत थांबायचे, तर दुसरे काय करणार? पण लादी पाठीखाली असते आणि पोट वर, उघडे. संशयास्पद मृत्यूत असा बर्फ वापरला असेल तर तो किती तास होता हे डॉक्टरांना सांगायला हवे, एवढे तरी लोकांपर्यंत जावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा वाचून वहीत लिहिले जाते; २ ते ८ अंशांबाहेर गेले की जाब विचारला जातो. ही शिस्त याच जिल्ह्यातल्या परिचारिकांनी वर्षानुवर्षे पाळली आहे. शवागारातल्या पेटीला तीच वही लावण्यात अडचण कसली? तापमान आपोआप नोंदवणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. ते पेटीत टाकून ठेवायचे आणि अहवालासोबत त्याचा कागद जोडायचा. जीवाणूंचा जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्राचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. थर्मामीटरचे उद्घाटन होत नाही. मागणी मागे राहण्याचे हेही एक कारण असावे.

घटनास्थळी आणि शवागारात काय व्हावे, ते सांगतो. घटनास्थळी पहिले काम तापमानाचे: देहाजवळ जमिनीलगत, देहाखाली, आणि सावलीत छातीइतक्या उंचीवर, तिन्हीकडे, वेळेसह. तापमान नोंदवणारे यंत्र तिथेच तीन ते पाच दिवस ठेवले, तर जवळच्या हवामान केंद्राशी ताळमेळ घालून मागच्या दिवसांचे तापमान बऱ्यापैकी काढता येते. देहाचे आतले तापमान गुदद्वारातून आठ-दहा सेंटिमीटर आत मोजतात. त्यासाठी ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही; तो ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. ० ते ५० अंशांचा लांब थर्मामीटर किंवा प्रोब लागतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर तिथले बोळे घेतल्याशिवाय थर्मामीटर लावायचा नाही, नाहीतर पुरावाच जातो.

शवागारात देह धुण्याआधी नाक, कान, तोंड आणि गुदद्वाराचे बोळे घ्यावेत. आपल्याकडे पाइप लावून आधी देह धुण्याची सवय आहे. ती मोडली नाही, तर पुढचे सगळे व्यर्थ. अवयवांच्या नमुन्यांत क्रम महत्त्वाचा: मेंदू, हृदय, यकृत, प्लीहा, गर्भाशय किंवा प्रोस्टेट, आणि आतडे सगळ्यात शेवटी, तेही दोन्ही टोकांना दोरा बांधून. अवयवाचा पृष्ठभाग तापवलेल्या पात्याने डागून आतला साधारण एक ग्रॅम तुकडा घ्यायचा. दर अवयवाला नवे पाते, नवे हातमोजे. एकाच सुरीने आतडे आणि मग यकृत कापले, तर जो प्रवास जीवाणूंना दिवसभरात करायचा होता तो सुरीने एका क्षणात करून टाकलेला असतो. शवागाराच्या हवेत उघडा धरलेला एक कोरा बोळा आणि धुण्याच्या पाण्याचा एक नमुना सोबत हवाच.

हे तुकडे ताबडतोब गोठवावे लागतात. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये. जीवाणूंच्या कामाला या दोन्ही बाटल्या चालत नाहीत. उणे ८० अंशांचा फ्रीझर तालुक्याला मिळणार नाही हे उघड आहे. पण गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारे द्रव नायट्रोजनचे कॅन पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि दूध संघांकडे फिरतात, उणे १९६ अंशांचे. शवागारासाठी असा एक वेगळा कॅन आणि तो भरायची तीच फेरी, एवढ्यावर नमुने बेळगावला पोचू शकतात. दोन सरकारी खात्यांनी एकमेकांशी बोलायचे तेवढे बाकी.

इथली मोजमापे जमवायला टेनेसीसारखे, देह उघड्यावर ठेवून अभ्यास करण्याचे मैदान हवेच असे नाही. कर्नाटकचा १९५७ चा शरीरशास्त्र कायदा देहदानाला वाट देतो ती शिक्षणातल्या विच्छेदनासाठी. देह महिनाभर रानात ठेवणे त्यात बसवणे कठीण, आणि लोकांच्या भावनांत तर त्याहून कठीण. देहदानाची चळवळ या भागात नवी नाही, बैलहोंगलच्या डॉ. महांतेश रामण्णवर यांनी २०१० साली वडिलांच्या दान केलेल्या देहाचे विद्यार्थ्यांसमोर विच्छेदन केले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. तो विश्वास अशा प्रयोगासाठी पणाला लावू नये. दुसरी वाट जवळ आहे. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो. अपघातात गेलेल्यांची मृत्यूची वेळ बहुधा मिनिटापर्यंत माहीत असते, आणि शवविच्छेदन होणारच असते. नातेवाइकांची परवानगी घेऊन, मराठी, कन्नड किंवा उर्दू, त्यांना वाचता येईल त्या भाषेतल्या फॉर्मवर, बोळे आणि सहा तुकडे घ्यावेत. इटलीचा अभ्यास ४० देहांवर झाला, अमेरिकेचा ३६ वर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा मिळून शंभर देह हे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला अशक्य नाही. रेणूजीवशास्त्राचे काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था बेळगावातच आहे.

निवड मात्र काटेकोर हवी. अपघातात पोट फुटून आतडे फाटले असेल, तर तो देह या कामाला नको. वस्ती आधीच विखुरलेली असते. दवाखान्यात आठवडाभर अँटिबायोटिक घेऊन गेलेला रुग्ण वगळावा. रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेलेल्याचे जीवाणू मृत्यूआधीच यकृतात पोचलेले असतात; त्याचे घड्याळ काही तास पुढे असते. निपाणीचा जखमी बेळगावापेक्षा जवळ म्हणून कोल्हापूरला नेतात आणि तो तिथे जातो, तेव्हा शवविच्छेदन तिथेच होते. अशा प्रकरणांसाठी दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकच नमुना-पत्रक मान्य करायला सीमाप्रश्न आड येऊ नये.

‘जिवंत माणसाला खाट मिळत नाही आणि मेलेल्यांसाठी यंत्रे कसली?’ असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे, पण हिशोब वेगळा आहे. इथे मागितले ते काही हजारांचे यंत्र, एक वही आणि शवागारात काम करणाऱ्या माणसाला पुरेसे हातमोजे, पाती, कावीळ-ब ची लस आणि पक्की नोकरी. देह उघडण्याचे प्रत्यक्ष काम आपल्याकडे डॉक्टरांपेक्षा हीच माणसे जास्त करतात. त्यांना कुणी शिकवले नाही, तर वरच्या सगळ्या सूचना कागदावरच राहतील. शिवाय ज्याला उपयोग व्हायचा तो जिवंतच असतो: तुरुंगातला आरोपी, किंवा दावा लढणारी विधवा. आणि बहुसंख्य घरांत दहन होते, तिथे दुसरी संधी नसते. लिंगायत किंवा मुस्लिम कुटुंबात दफन झालेला देह न्यायालयाच्या हुकमाने पुन्हा काढता येतो. अस्थी सावडल्यावर काय काढणार?

या विधवेचा उल्लेख उगाच केला नाही. जीवाणू आपल्या न्यायालयांत आजच पोचलेले आहेत, फक्त दारूच्या रूपात. मृत शरीरात रक्तातली साखर खाऊन जीवाणू आणि यीस्ट अल्कोहोल तयार करतात. मधुमेह्याच्या रक्तात त्यांना खाद्य जास्त मिळते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. बिघडू लागलेल्या देहात ही मर्यादा थेंबभर न पिता ओलांडली जाऊ शकते. त्या आकड्यावर ‘नशेत होता’ म्हणून अपघात विम्याचा दावा फेटाळला, तर दोष जीवाणूंचा आणि भुर्दंड बायका-पोरांना. हे टाळायला नवे तंत्र लागत नाही. रक्त मांडीच्या शिरेतून घ्यावे. हृदयातून नको, कारण जठरातली दारू आणि आतड्यातले जीवाणू तिथे लवकर पोचतात. बाटलीत दर मिलिलिटर रक्तामागे १० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड असावे, म्हणजे बाटलीत गेल्यावर तरी नवी दारू तयार होणे थांबते. डोळ्यातला द्रव आणि लघवीही सोबत घ्यावी; डोळ्याच्या गोळ्यात जीवाणू उशिरा शिरतात, म्हणून रक्तात दारू आणि डोळ्यात नाही असे दिसले, तर ती बहुधा मृत्यूनंतरची असते.

दावा फेटाळलेल्या कुटुंबाच्या वकिलाने रक्त कुठून घेतले, फ्लोराइड होते का, डोळ्याचा द्रव तपासला का, आणि मृत्यूपासून नमुना घेईपर्यंत देह किती तास किती तापमानात होता, हे चार प्रश्न उलटतपासणीत विचारावेत. पहिल्या तिन्हींची उत्तरे डॉक्टर देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर जोवर लेखी मिळत नाही, तोवर नुसत्या रक्ताच्या आकड्यावर दावा नाकारू नये, असा आदेश ग्राहक आयोग आणि अपघात दावा न्यायाधिकरणांनी द्यायला हवा. असे दोन-चार आदेश निघाले, तर शवागारातली तापमानाची वही आरोग्य खात्याच्या परिपत्रकाआधी सुरू होईल.